दंतरोपण : पाया हाडाचा

स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे १९६५ साली गोस्टा लार्सन या रुग्णाच्या खालच्या जबड्यात प्रा. पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांनी टायटॅनियमचे चार स्क्रू बसविले आणि त्यांच्या आधारावर कृत्रिम दात उभे केले. २००६ साली लार्सन यांचे निधन झाले, तोपर्यंत म्हणजे चाळीस वर्षांहून अधिक काळ त्या दातांनी त्यांना साथ दिली.

या यशाचे श्रेय धातूइतकेच हाडाचेही आहे. १९५२ साली सशाच्या पायाच्या हाडात बसविलेले टायटॅनियमचे उपकरण ब्रोनेमार्क यांना काढता येईना, कारण हाड त्या धातूशी एकजीव झाले होते. आजचे दंतरोपण याच तत्त्वावर उभे आहे.

मात्र दात काढून वर्षे लोटल्यावर दंतवैद्याकडे जाणाऱ्या अनेकांना ‘हाड अपुरे आहे’ असे ऐकावे लागते. दात गेला की चावण्याचा ताण थांबतो आणि तेथील हाड झिजू लागते. पहिल्या वर्षातच त्याची रुंदी जवळजवळ निम्म्याने घटू शकते.

अशा वेळी अस्थिरोपण उपयोगी पडते. रुग्णाच्याच हनुवटीतून किंवा जबड्याच्या मागील भागातून घेतलेले हाड, प्रक्रिया केलेले प्राणिजन्य हाड अथवा कृत्रिम कण त्या जागी भरले जातात. यांपैकी काय वापरणार, हे रुग्णाने आधीच विचारून घ्यावे. हे कण बांधकामाच्या परांचीसारखे असतात. त्यांच्या आधाराने शरीर स्वतःचे नवे हाड घडविते. त्यासाठी साधारणतः चार ते सहा महिने, क्वचित अधिक काळ लागतो. दात काढतानाच खड्डा भरून घेतल्यास पुढील झीज बरीच कमी होते.

त्यानंतरची जबाबदारी रुग्णाची. तंबाखू, धूम्रपान आणि अनियंत्रित मधुमेह हे या हाडाचे वैरी होत. कृत्रिम दाताला कीड लागत नाही. परंतु अस्वच्छतेमुळे भोवतालच्या हिरडीला सूज येते आणि फारशी वेदना न होता हाड झिजत जाते. म्हणूनच रोजची स्वच्छता आणि ठरावीक काळाने तपासणी अनिवार्य ठरते.

मुदत ठेव मुदतीपूर्वी मोडल्यास तोटा ठेवीदाराचाच होतो. जबड्यात भरलेल्या हाडालाही त्याची मुदत पूर्ण करू द्यावी. त्याचा परतावा पुढे प्रत्येक घासाबरोबर मिळत राहतो.