पराठा कां फुटतो?

पंजाबांतील घरांमध्यें सकाळची न्याहरी म्हटली कीं पराठ्याची आठवण प्रथम होते. तव्यावरून उतरलेला बटाट्याचा गरम पराठा, त्यावर पांढऱ्या लोण्याचा गोळा, शेजारीं दहीं व लोणचें, असा तो थाट असतो. १९४७ सालच्या फाळणीनंतर अनेक पंजाबी कुटुंबें दिल्लीस आणि मुंबईच्या शीव-कोळीवाडा भागांत वसलीं व त्यांच्या पदार्थांचा शेजाऱ्यांस निकट परिचय घडला. आतां मराठी घरांतही पराठा नवा राहिलेला नाहीं.

परंतु पोळपाटावर तो फुटून सारण बाहेर आलें, कीं घरांत एकच निदान ऐकूं येतें : लाटणारीच्या हाताला वळण नाहीं! नव्या सुनेच्या वांट्यास तर हा शेरा हमखास येतो. वस्तुतः दोष बहुधा हाताचा नसून पाण्याचा असतो.

बटाट्याच्या वजनांत सुमारें चारपंचमांश पाणीच असतें. सोलून, चिरून उकडल्यास त्यांत आणखी पाणी शिरतें. म्हणून तो सालीसकट अख्खा उकडावा, पाणी लगेच ओतून टाकावें आणि सोलून उघडा ठेवून पुरता निवूं द्यावा. गरम सारण भरलें तर आंत कोंडलेल्या वाफेचें पाणी होतें व वरची पारी भिजून नरम पडते. निवालेला बटाटा किसावा. फार मळूं नये, कारण त्यानें पेशी फुटून पिष्ट बाहेर येतें आणि सारण चिकट होतें. मीठ अगदीं भरण्याच्या वेळीं घालावें, कारण मीठ लागतांच, विशेषतः कांदा घातला असल्यास, पाणी सुटूं लागतें. पंजाबांत आंबटपणासाठीं वाळविलेले डाळिंबाचे दाणे भरडून घालतात, त्यांत हेंच शहाणपण आहे : रुचि येते, ओल येत नाहीं. मुळ्याच्या पराठ्यासाठीं किसलेला मुळा मीठ लावून घट्ट पिळून घेतात, तोही याचसाठीं.

आतां कणकेचा विचार. गव्हाच्या पिठांत ग्लायडिन व ग्लुटेनिन अशीं दोन प्रथिनें असतात. पाणी घालून मळतांना त्यांचें लवचिक जाळें तयार होतें. नुकतीच मळलेली कणीक ताणली कीं आखडते. अर्धा तास झांकून ठेविल्यास ती सैलावते. कणीक आणि सारण सारखेंच मऊ असावें, हा नियम पुरणपोळी करणाऱ्या गृहिणींस पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. कणीक घट्ट असली तर मऊ सारण कडेकडे सरकतें व पारी फाटते.

पाव किलो पीठ, सुमारें १५० मिलिलीटर पाणी आणि अर्धा किलो बटाटे यांत ६ पराठे होतात. उंड्याइतकेंच सारण घ्यावें. पारी मध्यें जाड व कडेला पातळ ठेवावी, म्हणजे कडा एकत्र आणल्यावर तेथें कणकेची गांठ होत नाहीं. तोंड मिटून उंडा बोटांनीं दाबावा, सारण कडेपर्यंत पोंचवावें आणि मग पिठी लावून हलकेच लाटावें.

तवा चांगला तापलेला असावा. प्रथम दोन्ही बाजू कोरड्याच शेकाव्या, नंतर तूप सोडावें. मंद तव्यावर वेळ लागून पराठा वातड होतो. आंत उरलेल्या थोड्या ओलीची १०० अंशांवर वाफ होते व तिचें आकारमान पाण्याच्या १,६०० पटींहून अधिक वाढतें. पराठा फुगतो तो तिच्याच जोरावर. जें पाणी पोळपाटावर घात करतें, तेंच बेताचें असलें तर तव्यावर उपकारक ठरतें.

ही तयारी बरीचशी आदल्या रात्रीं होऊं शकते. उकडलेले बटाटे निववून शीतकपाटांत ठेविले, तर सकाळचा वेळ वांचतो व सारणही कोरडें राहतें. एवढें साधलें तरी एक गोष्ट उरतेच. पराठा तव्यावरून पानांत पडतांच खावा. म्हणून शाळेचीं मुलें, कचेरीची मंडळी गरम पराठे खाऊन उठतात आणि करणारी मात्र सर्वांमागून, निवालेला, बहुधा फुटलेलाच पराठा खाते. एकानें लाटावें व दुसऱ्यानें भाजावें, हें कोणत्याही घरांत अशक्य नाहीं. निदान सहावा पराठा तरी दुसऱ्या कोणी भाजून तिच्या पानांत गरम वाढावा. तोपर्यंत त्या घरची न्याहरी पुरी झाली असें समजूं नये.