तरणतलावात अपघात झाला, तर दाद कोठे मागावी?

सुटीच्या दिवसांत लोणावळा, महाबळेश्वर, अलिबाग किंवा गोव्याकडे निघालेले कुटुंब हॉटेल निवडताना एक प्रश्न हमखास विचारते : तरणतलाव आहे ना? तो किती खोल आहे, काठावर जीवरक्षक असतो काय, ही चौकशी मात्र सहसा होत नाही. ओल्या फरशीवरून घसरून हाड मोडणे, उथळ पाण्यात सूर मारल्याने मानेला मार बसणे, लहान मूल नजरेआड होऊन बुडणे हे प्रकार घडल्यावर व्यवस्थापन दिलगिरी व्यक्त करते, पहिल्या दिवशीचा रुग्णालयाचा खर्च उचलते आणि मग भिंतीवरील फलकाकडे बोट दाखवते. 'तलावाचा वापर स्वतःच्या जबाबदारीवर करावा' असे त्यावर लिहिलेले असते. जखमी पाहुणा बहुधा तेथेच हताश होतो. वास्तविक कायद्याने त्याच्यापुढे तीन मार्ग खुले ठेवले आहेत.

या विषयावरील सर्वांत गाजलेला भारतीय खटला दिल्लीतील आहे. ऑगस्ट १९७२ मध्ये लुफ्तान्सा या जर्मन विमान कंपनीचा एक सहवैमानिक ओबेरॉय इंटरकॉन्टिनेन्टल हॉटेलात उतरला होता. तलावाच्या सूरफळीवरून त्याने पाण्यात उडी घेतली आणि त्याचे डोके तळावर आदळले. हातपाय लुळे पडले ते कायमचेच. १९७५ मध्ये त्याने दिल्ली उच्च न्यायालयात नुकसानभरपाईचा दावा दाखल केला. १९८५ मध्ये त्याचा मृत्यू झाला आणि निकाल लागला १९९७ मध्ये. पुढे देशाचे सरन्यायाधीश झालेले न्या. आर. सी. लाहोटी यांनी हॉटेलला दोषी धरून ५० लाख रुपये भरपाई मंजूर केली. सूरफळी बसवली याचाच अर्थ खालचे पाणी सूर मारण्याइतके खोल आहे, असे पाहुण्याने गृहीत धरणे रास्त आहे. शिवाय जे हॉटेल चढे दर आकारते त्याच्याकडून काळजीही तितक्याच चढ्या दर्जाची अपेक्षित आहे, अशी त्या निकालाची भूमिका होती.

कायद्याच्या पाठ्यपुस्तकांत हा निकाल आवर्जून सांगितला जातो. त्याचा उत्तरार्ध मात्र कमी जणांना ठाऊक असतो. अपिलात त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने निकाल फिरवला. कारण, दावा प्रलंबित असतानाच वादी मरण पावला होता आणि शारीरिक इजेबद्दलचा वैयक्तिक दावा वादीबरोबरच संपुष्टात येतो, असा नियम आहे. भारतीय वारसा कायद्याच्या कलम ३०६ मध्ये तो नमूद आहे. दिवाणी न्यायालयातील दिरंगाईची किंमत याहून स्पष्टपणे सांगणारे उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

दुसरे प्रकरण अधिक अलीकडचे आणि अधिक उपयोगाचे. केरळ पर्यटन विकास महामंडळाच्या कोवलम येथील हॉटेल समुद्रमध्ये २००६ साली एक पाहुणा तलावात बुडून मरण पावला. कुटुंबीय ग्राहक न्यायव्यवस्थेकडे गेले. चौकशीत उघड झाले, की ज्या कर्मचाऱ्यावर जीवरक्षकाचे काम सोपवले होते त्याच्याकडेच मद्यकक्षात पेये देण्याचेही काम होते. राष्ट्रीय आयोगाने व्याज धरून भरपाई देण्याचा आदेश दिला आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. तलावावर लक्ष ठेवणाऱ्याला दुसऱ्या कामाला जुंपणे हा काळजी घेण्याच्या कर्तव्याचा भंग होय, हे त्यातून पक्के झाले. आपल्याकडील किती रिसॉर्टमध्ये टॉवेल वाटणारा, खुर्च्या मांडणारा आणि जीव वाचवणारा माणूस एकच असतो, हे वाचकांनी पुढच्या सहलीत जरूर पाहावे.

फलकाचे वजन किती?

'स्वतःच्या जबाबदारीवर' या शब्दांचा कस सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्येच लावला, तोही मोटारीच्या निमित्ताने. दिल्लीच्या ताजमहाल हॉटेलात सेवकाच्या हाती सोपवलेली मोटार १९९८ मध्ये चोरीस गेली होती. पावतीवर मालकाच्या जबाबदारीची अट छापलेली होती. हॉटेलचा स्वतःचा निष्काळजीपणा असेल तेथे अशा छापील अटीचा आडोसा घेता येणार नाही, असे न्यायालयाने सांगितले. गाडी लावण्याची सोय मोफत असल्याचा बचावही टिकला नाही. तिचा मोबदला खोलीच्या व खाण्यापिण्याच्या दरांत अंतर्भूत असतो, असे न्यायालय म्हणाले. मोटारीला लागू पडणारे हे तर्कशास्त्र माणसाच्या जीविताला लागू पडू नये, असे म्हणणे हॉटेलला जड जाईल. 'तलाव तर आम्ही फुकट वापरू देतो' या युक्तिवादाचीही तीच गत.

अर्थात सूचनाफलक सर्वस्वी निरर्थक नसतात. खोलीचे आकडे ठळक लिहिलेले असताना, सूर मारण्यास मनाई असताना किंवा तलाव बंद झाल्यानंतर कोणी पाण्यात उतरला, मद्यपान करून उतरला, तर त्याचा स्वतःचा हलगर्जीपणा मोजला जातो आणि भरपाई त्या प्रमाणात घटू शकते.

तीन दारे

पहिले दार ग्राहक आयोगाचे. ज्याला पूर्वी आपण 'ग्राहक मंच' म्हणत असू, तो ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार, म्हणजे २० जुलै २०२० पासून, जिल्हा आयोग झाला. या कायद्यातील दोन तरतुदी सहलीला गेलेल्या माणसाच्या विशेष सोयीच्या आहेत. अपघात गोव्यात झाला तरी तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात, म्हणजे पुण्यात वा ठाण्यात, तक्रार दाखल करता येते. दुसरे असे, की कोणता आयोग हे मागितलेल्या भरपाईवर ठरत नाही, सेवेसाठी मोजलेल्या रकमेवर ठरते. खोलीचे बिल १२ हजारांचे आणि मागणी एक कोटीची असली, तरी प्रकरण जिल्हा आयोगाकडेच जाते. मोबदला पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क नाही. बिल यजमानाने भरले असेल, तरी त्याच्या संमतीने सेवा घेणारा जखमी पाहुणा तक्रार करू शकतो. लग्नासाठी आलेल्यांनी हे ध्यानात ठेवावे. वकील सक्तीचा नाही. ग्राहकाचा मृत्यू झाल्यास वारसांना तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची असून पुरेसे कारण दाखवल्यास विलंब माफ होऊ शकतो. तीन महिन्यांत निकालाची अपेक्षा कायद्याने ठेवली आहे. प्रत्यक्षात किती काळ लागतो, हे आयोगाच्या पायऱ्या चढलेल्यांना विचारावे. मात्र हरलेल्या हॉटेलला अपील करायचे असल्यास मंजूर रकमेचा निम्मा भाग आधी भरावा लागतो, ही मोठीच जमेची बाजू आहे.

दुसरे दार दिवाणी न्यायालयाचे. वस्तुस्थिती गुंतागुंतीची आहे, तज्ज्ञांची सविस्तर उलटतपासणी हवी आहे, अशा वेळी आयोगही कधीकधी पक्षकारांना तिकडे पाठवतो. इजेच्या दाव्याला तीन वर्षांची, तर मृत्यू झाल्यास कुटुंबीयांनी १८५५ च्या प्राणांतिक अपघात कायद्याखाली करावयाच्या दाव्याला दोन वर्षांची मुदत आहे. दाव्याच्या मूल्यानुसार न्यायालय शुल्क भरावे लागते.

तिसरे दार पोलीस ठाण्याचे. १ जुलै २०२४ नंतरच्या घटनांना भारतीय न्याय संहिता लागू होते. निष्काळजी कृत्याने गंभीर दुखापत झाल्यास कलम १२५ अन्वये तीन वर्षांपर्यंत, तर मृत्यू झाल्यास कलम १०६ अन्वये पाच वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. फौजदारी खटल्याने जखमीच्या खिशात फारसे काही पडत नाही. पण घटनास्थळाचा पंचनामा आणि जबाब ही कागदपत्रे पुढे आयोगापुढे फार कामी येतात. गुन्हा नोंदवला म्हणून भरपाईचा हक्क जात नाही.

खरी लढाई पहिल्या आठवड्यातच जिंकली किंवा हरली जाते. अनेक ठिकाणी सीसीटीव्हीचे चित्रण ठरावीक दिवसांनी आपोआप पुसले जाते, म्हणून ते जतन करण्याची लेखी मागणी तातडीने, शक्यतो ई-मेलने, करावी. तलावाच्या काठाची, खोलीच्या आकड्यांची, निखळलेल्या फरशीची छायाचित्रे दुरुस्ती होण्यापूर्वीच घ्यावीत. शेजारी असलेल्या पाहुण्यांचे दूरध्वनी क्रमांक टिपून ठेवावेत. रुग्णालयात अपघात कोठे व कसा झाला ते नोंदवून घ्यावे. 'घरी पडलो' असे घाईत सांगितलेले वाक्य दोन वर्षांनी उलटतपासणीत समोर येते. तलावाला परवानगी होती काय, हे स्थानिक संस्थेकडून माहिती अधिकारात मागवता येते.

आणि रुग्णालयाचे बिल भरताना हॉटेलचा व्यवस्थापक एखादा कागद पुढे करील, तर तो नीट वाचावा. 'पूर्ण व अंतिम भरपाई मिळाली' असे शब्द त्यात असल्यास सही करू नये. मिळालेली रक्कम केवळ औषधोपचारापोटी स्वीकारली, असे आपल्या हस्ताक्षरात लिहून मगच सही करावी आणि त्या कागदाची प्रत मागून घ्यावी.