लिनक्समधला ब्रिज: भिंत आपोआप उभी राहत नाही

डॉकर बसवलेल्या लिनक्स सर्व्हरवर इंटरफेसची यादी काढली, की त्यात बहुधा 'डॉकर0' हे नाव दिसते. कर्नलने निव्वळ सॉफ्टवेअरमध्ये उभा केलेला हा एक स्विचच आहे. तरी ब्रिज म्हणजे दोन नेटवर्क कार्डे जोडणारी वायर, असे मानणारे पुष्कळ आहेत. वायर काही लक्षात ठेवत नाही. ब्रिज मात्र कोणता मॅक पत्ता कोणत्या पोर्टामागे आहे याची नोंद करतो, पुढच्या फ्रेम नेमक्या तिकडेच धाडतो आणि 300 सेकंद त्या पत्त्याकडून काहीच आले नाही, तर नोंद पुसतो.

सगळ्यात महागात पडतो तो व्हीलॅनबद्दलचा, म्हणजे एकाच जोडणीवर टॅग लावून वेगळ्या केलेल्या आभासी नेटवर्कांबद्दलचा गैरसमज. टॅग लावलेल्या फ्रेम ब्रिजमध्ये शिरल्या, की कर्नल व्हीलॅन 10 आणि व्हीलॅन 20 आपणहून वेगळे ठेवतो, असे धरून चालले जाते. तो तसे करत नाही! व्हीलॅन फिल्टरिंगची सोय 2013 साली लिनक्स 3.9मध्ये आली आणि ती मुळात बंदच असते. ती बंद असताना ब्रिज टॅगकडे ढुंकूनही बघत नाही. व्हीलॅन 10 हिशेब विभागाचा आणि 20 पाहुण्यांचा असेल, तर हिशेब विभागाचा ब्रॉडकास्ट पाहुण्यांच्या पोर्टावरही जातो. फिल्टरिंग चालू केल्यावर उलटा अनुभव येतो. प्रत्येक पोर्ट फक्त व्हीलॅन 1चा सदस्य असतो, त्यामुळे 10 आणि 20ची वाहतूक ठप्प होते. कोणत्या पोर्टाला कोणता व्हीलॅन आणि 1 कुठून काढायचा, हे हातानेच नेमून द्यावे लागते.

टॅग म्हणजे कुलूपही नव्हे. ती फ्रेममध्ये घातलेली चार बाइटची पट्टी आहे. त्यातले 12 बिट व्हीलॅनचा क्रमांक सांगतात, म्हणून वापरता येणारे क्रमांक 4094. मजकूर सांकेतिक होत नाही. वायरीवर पॅकेट टिपणाऱ्याला तो जसाच्या तसा वाचता येतो.

एकाच स्विचला दोन केबल जोडल्या, तर ब्रिज ते चक्र ओळखून तोडेल, हाही भरवसा धोक्याचा. त्यासाठीचा स्पॅनिंग ट्री प्रोटोकॉल लिनक्सच्या ब्रिजवर सुरुवातीला बंद असतो. इथरनेट फ्रेमला आयुष्याची मर्यादा नसल्याने एखादा ब्रॉडकास्ट गरगरत राहून अख्खे नेटवर्क गिळतो.

आणि लॅपटॉपचे वायफाय ब्रिजला जोडून व्हर्च्युअल मशीन चालेना, तर दोष बहुतेकदा कर्नलचा नसतो. ॲक्सेस पॉइंट जोडणी केलेल्या मॅक पत्त्याच्याच फ्रेम स्वीकारतो आणि व्हर्च्युअल मशीनचा पत्ता वेगळा असतो. अशा ठिकाणी एनएटी वापरावे, नाहीतर सरळ केबल लावावी.