कोलॅजेन

कोलॅजेन : प्राण्यांच्या शरीरातील संयोजी ऊतकांत (निरनिराळ्या भागांना जोडणाऱ्या व आधार देणाऱ्या ऊतकांत) आढळणारे तंतुमय प्रथिन. सस्तन प्राण्यांच्या शरीरातील एकूण प्रथिनांपैकी सु. 25 ते 30 टक्के भाग कोलॅजेनाचा असतो. त्वचा, हाडे, उपास्थी (कूर्चा), कंडरा (स्नायू हाडांना जोडणारे दोरीसारखे भाग), रक्तवाहिन्यांच्या भित्ती, दात व डोळ्यातील स्वच्छमंडल यांचे बळ मुख्यतः त्यावर अवलंबून असते. ‘सरस निर्माण करणारे’ अशा अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून हे नाव आले आहे. कातडी व हाडे पाण्यात उकळून सरस काढण्याची कृती फार प्राचीन आहे.

रचना : कोलॅजेनाच्या रेणूत प्रत्येकी सु. 1,000 ॲमिनो अम्लांच्या तीन साखळ्या एकमेकींभोवती दोराप्रमाणे पिळलेल्या असतात. प्रत्येक साखळीत दर तिसरे ॲमिनो अम्ल ग्लायसीन असते. ते आकाराने सर्वांत लहान असल्यामुळेच तीन साखळ्यांच्या मधल्या अरुंद जागेत मावते. प्रोलीन व हायड्रॉक्सिप्रोलीन यांचे प्रमाणही बरेच असते. रेणूची लांबी सु. 300 नॅनोमीटर, तर जाडी केवळ 1.5 नॅनोमीटर असते. असे असंख्य रेणू शेजारी शेजारी, पण ठराविक अंतराने पुढेमागे रचले जाऊन तंतुके बनतात.

या रचनेचा उलगडा होण्यात भारतीय शास्त्रज्ञांचा मोठा वाटा आहे. मद्रास विद्यापीठातील जी. एन. रामचंद्रन व गोपीनाथ कार्था यांनी क्ष-किरण विवर्तनाच्या आधारे 1954 मध्ये तीन साखळ्यांची प्रतिकृती मांडली आणि 1955 मध्ये तीत पिळाची सुधारणा केली. त्याच वर्षी अलेक्झांडर रिच व फ्रान्सिस क्रिक यांनी तिच्या तपशिलात आणखी फेरबदल सुचविले.

प्रकार : पृष्ठवंशी प्राण्यांत कोलॅजेनाचे 28 प्रकार ज्ञात आहेत. त्वचा, हाडे व कंडरा यांत पहिला, उपास्थीत दुसरा आणि रक्तवाहिन्यांत पहिल्याच्या जोडीने तिसरा प्रकार प्रामुख्याने असतो. चौथ्या प्रकाराचे तंतू न बनता जाळे बनते. मूत्रपिंडातील गाळणीच्या पटलात ते असते.

निर्मिती : हे प्रथिन शरीर स्वतः तयार करते. तंतुजनक कोशिका, अस्थिजनक कोशिका व उपास्थि-कोशिका ॲमिनो अम्लांपासून प्रथम साखळ्या बनवितात. नंतर त्यांतील काही प्रोलीन व लायसीन घटकांना हायड्रॉक्सिल गट जोडले जातात. ही विक्रिया घडवून आणणाऱ्या एंझाइमांना लोह व क जीवनसत्त्व यांची गरज असते. हा टप्पा अपुरा राहिल्यास शरीराच्या तापमानात तिन्ही साखळ्यांचा पीळ स्थिर राहत नाही. रेणू कोशिकेबाहेर आल्यावर त्यांची टोके छाटली जातात आणि तांबेयुक्त एंझाइमाच्या साहाय्याने शेजारच्या रेणूंमध्ये आडबंध निर्माण होऊन तंतू बळकट होतात.

विकार : क जीवनसत्त्वाच्या अभावी होणाऱ्या स्कर्व्ही रोगात हिरड्यांतून रक्त येते, जखमा भरत नाहीत व जुने व्रणही उकलतात. जेम्स लिंड या ब्रिटिश नौदलातील वैद्यांनी 1747 मध्ये 12 आजारी खलाशांवर निरनिराळे उपचार करून पाहिले. त्यांपैकी संत्री व लिंबे दिलेल्या दोघांना सर्वांत लवकर गुण आला. जनुकीय दोषामुळे हाडे ठिसूळ होणे किंवा त्वचा व सांधे अवाजवी सैल असणे हेही कोलॅजेनाशी संबंधित विकार आहेत. वाढत्या वयात नवी निर्मिती मंदावते. सूर्यप्रकाशातील जंबुपार किरण व धूम्रपान यांमुळे त्वचेतील तंतूंचा ऱ्हास वेगाने होतो.

आहार व पूरके : पाण्यात तापविल्यास कोलॅजेनाचा पीळ उलगडून जिलेटीन मिळते. त्यात ट्रिप्टोफेन हे आवश्यक ॲमिनो अम्ल नसल्यामुळे ते परिपूर्ण प्रथिन नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पॅरिसमध्ये हाडांपासून काढलेले जिलेटीन गोरगरिबांना मांसाऐवजी दिले जाई. फ्रांस्वा मॅगेंडी यांच्या नेतृत्वाखालील आयोगाने कुत्र्यांवर प्रयोग केले आणि केवळ जिलेटिनावर प्राणी जगू शकत नाहीत, असा निष्कर्ष 1841 मध्ये मांडला.

सांप्रत चूर्ण, गोळ्या व पेये या रूपांत विकली जाणारी बहुतेक पूरके गुरे, डुकरे किंवा मासे यांच्या कोलॅजेनाचे एंझाइमांच्या साहाय्याने लहान तुकडे करून बनवितात. वनस्पतींत कोलॅजेन नसते. म्हणून शाकाहारी व्यक्तींनी आणि माशांची अधिहर्षता (ॲलर्जी) असलेल्यांनी वेष्टनावरील मूळ स्रोत पाहणे इष्ट ठरते. सेवन केलेले कोलॅजेन आहे तसे त्वचेत किंवा सांध्यात जाऊन बसत नाही. पचनात त्याचे ॲमिनो अम्लांत व काही अंशी दोन-तीन घटकांच्या तुकड्यांत रूपांतर होते. असे तुकडे रक्तात आढळतात व ते कोशिकांना निर्मितीची चेतना देत असावेत, असे एक मत आहे. काही चाचण्यांत त्वचेची आर्द्रता व लवचिकपणा वाढल्याचे, तसेच गुडघेदुखी थोडी कमी झाल्याचे दिसले. तथापि 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, त्वचेसंबंधीच्या 23 चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात औषध कंपन्यांचे अर्थसाहाय्य नसलेल्या चाचण्यांपुरता विचार करता लक्षणीय लाभ आढळला नाही. कोलॅजेनयुक्त मलमांतील अखंड रेणू मोठे असल्याने त्वचेत शिरत नाहीत. ती केवळ पृष्ठभागावरील ओलावा टिकवितात.

शरीरातील कोलॅजेन फार सावकाश बदलते. त्वचेतील निम्मे कोलॅजेन बदलण्यास सु. 15 वर्षे लागतात, तर सांध्यांच्या उपास्थीत हा काळ शंभर वर्षांहून अधिक असल्याचे अनुमान आहे. त्यामुळे झालेली हानी भरून काढण्यापेक्षा आहे ते तंतू जपणे अधिक महत्त्वाचे ठरते. डाळी, दूध, अंडी, मासे इत्यादींतून पुरेशी प्रथिने, आवळा, पेरू व लिंबू यांतून क जीवनसत्त्व, प्रखर उन्हापासून संरक्षण आणि तंबाखूचा त्याग ही त्याची साधने होत.