बेचाळीस मजली कड्यावरचा संसार

पिट्सबर्गला पाहुणे आले की त्यांना दोन ठिकाणी न्यायचे, असा आम्हा इथल्या मराठी मंडळींचा रिवाज आहे. एक पेन हिल्सच्या टेकडीवरचे श्रीव्यंकटेश्वराचे मंदिर आणि दुसरी ओकलंडमधली विद्यापीठाची इमारत, ‘कॅथीड्रल ऑफ लर्निंग’. इमारत बेचाळीस मजली, ५३५ फूट उंच. आत देशोदेशींच्या नावाच्या वर्गखोल्या आहेत. नालंदाच्या धर्तीवरची भारतीय खोली २००० साली उघडली. ती पाहून पाहुणे खूश होतात. मी मात्र त्यांना बाहेर हिरवळीवर आणतो आणि मान वर करायला लावतो. चाळिसाव्या मजल्याच्या कठड्यावर २००२ साली बहिरी ससाण्यांच्या एका जोडीने घर केले. पुढे पाखरे बदलली, पण जागा तीच राहिली.

बहिरी ससाणा म्हणजे इथला पेरेग्रिन फाल्कन. आकाराने डोमकावळ्याएवढा. वरून सूर मारतो तेव्हा ताशी तीनशे किलोमीटरहून अधिक वेग गाठतो. मादी नरापेक्षा चांगलीच मोठी असते. याचाच भाऊबंद, शाहीन ससाणा, आपल्या सह्याद्रीच्या कड्यांवर राहतो. ज्यांनी तरुणपणी गड पालथे घातले, त्यांनी कदाचित त्याला पाहिलेही असेल.

कड्यावरचा हा पक्षी शहरात कशाला येईल, असे कुणालाही वाटेल. पण जरा त्याच्या नजरेने पाहा. त्याला उंच इमारत म्हणजे कडाच. हा पक्षी काटक्या जमवून घरटे बांधत नाही. खडीत किंवा मातीत छातीने उथळ खळगा करतो आणि त्यात अंडी घालतो. म्हणून या कठड्यावर त्याच्यासाठी खडी भरलेली पेटी ठेवली आहे. राहिला प्रश्न अन्नाचा. दादरचा कबुतरखाना ज्यांनी पाहिला आहे, त्यांना शहरात कबुतरे किती असतात हे मी काय सांगावे! भाडे नाही आणि बाजारहाट दाराशी, एवढी सोय आपल्यालाही इथे आल्यावर मिळाली नव्हती.

पण हे चित्र पन्नास-साठ वर्षांपूर्वी अशक्य होते. १९६० च्या दशकाच्या मध्याला मिसिसिपी नदीच्या पूर्वेला या पक्ष्याची एकही नांदती जोडी उरली नव्हती. कारण होते डी.डी.टी. आपल्यापैकी अनेकांच्या लहानपणी मलेरियाचे फवारणीवाले घरी येत आणि काम झाले की भिंतीवर तारीख लिहून जात. ते हेच औषध. त्याने असंख्य माणसांचे प्राण वाचवले, हे विसरून चालणार नाही. पण शेतांवर ते मणामणांनी ओतले गेले, तेव्हा किड्यांतून लहान पक्ष्यांत आणि लहान पक्ष्यांतून ससाण्यात, दर पायरीला अधिक साठत गेले. त्याच्या अंशामुळे मादीच्या शरीरात अंड्याच्या कवचाला कॅल्शियम पुरेसे मिळेना. कवच इतके पातळ झाले की उबवायला बसलेल्या आईच्याच वजनाने अंडी फुटू लागली.

या धोक्याकडे जगाचे लक्ष ज्यांनी वेधले त्या रेचेल कार्सन इथल्याच, पिट्सबर्गजवळच्या स्प्रिंगडेलच्या. त्यांचे ‘सायलेंट स्प्रिंग’ १९६२ साली आले आणि १९७२ साली अमेरिकेत डी.डी.टी.च्या सर्वसाधारण वापरावर बंदी आली. पण नुसत्या बंदीने गेलेले पक्षी परत येत नाहीत. कॉर्नेल विद्यापीठात टॉम केड यांनी बंदिवासात ससाण्यांची पैदास सुरू केली. पिल्ले कड्यांवर, मनोऱ्यांवर, इमारतींवर पेट्यांत ठेवायची, माणूस दिसणार नाही अशा बेताने अन्न द्यायचे आणि उडायला लागली की मोकळी सोडायची. १९७४ पासूनच्या पंचवीस वर्षांत सहा हजारांहून अधिक ससाणे असे सोडले गेले. १९९९ साली केंद्र सरकारच्या धोक्यातील प्राण्यांच्या यादीतून बहिरी ससाण्याचे नाव निघाले.

आमच्या इमारतीवरची पहिली गृहस्वामिनी डोरोथी त्याच वर्षी मिलवॉकीत जन्मली होती. तिने इथे चाळीसहून अधिक पिल्ले वाढवली. २०१५ च्या अखेरीस होप नावाच्या मादीने तिची जागा घेतली. घरट्यावर कॅमेरा असल्याने शेकडो लोक रोज हा संसार पाहत होते. २०१६ च्या वसंतात होपने नुकतीच अंड्याबाहेर आलेली आपली पिल्ले मारून खाल्ली, तीही सर्वांच्या डोळ्यांदेखत. माझ्या कचेरीत दोघीजणींनी त्या दिवशी डबा उघडला नाही. त्याच होपने उरलेले एक पिलू मात्र व्यवस्थित वाढवले आणि ते उडून गेले. आपण पक्ष्यांना नावे देतो, त्यामुळे माया जडते. पण त्या नावांबरोबर आपली नीती-अनीती त्यांना चिकटत नाही, हे मी त्या वर्षी शिकलो.

ज्यांना पाहायचे असेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. मार्चच्या मध्याला अंडी, बहुधा तीन-चार, तांबूस तपकिरी. साधारण महिनाभराने, एप्रिलच्या उत्तरार्धात, पिल्ले. सहा आठवड्यांत ती उडण्याजोगी होतात. म्हणून जूनचा पहिला आठवडा सर्वांत चांगला. दुर्बीण घेऊन शेनली प्लाझाच्या हिरवळीवर बसा. आई-बाप शिकार घेऊन समोरून घिरट्या घालतात, पण जवळ आणत नाहीत. भुकेले पिलू शेवटी झेप घेतेच. एखादे चुकून जमिनीवर उतरले तर त्याला पुन्हा वर उठता येत नाही. तेव्हा हात न लावता, लोकांना आणि कुत्र्यांना दूर ठेवून राज्याच्या गेम कमिशनला फोन करावा.

मुलांना जरूर घेऊन या. माणसाने बिघडवलेले माणसानेच सावरले, अशी उदाहरणे त्यांना दाखवायला आपल्याजवळ फार नाहीत. हे एक आहे, आणि त्याला तिकीट नाही.