भुईचा तळ किती खोल?

बाजारात मडके घेताना तुम्ही त्यावर टिचकी मारता. ते पक्के भाजले आहे की तडकले आहे, हे आवाजावरून कळते; फोडून पाहावे लागत नाही. आपल्या पायाखालची जमीन खोलवर कशी आहे, हे शास्त्रज्ञ असेच ओळखतात. टिचकी मारतो तो भूकंप, तोही बहुधा हजारो किलोमीटर लांबचा.

काळ्या मातीखाली मुरूम, मुरमाखाली काळा पाषाण, हे विहीर खणणाऱ्याला सांगायला नको. तो पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा. पण त्याखाली? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी हादरली, हजारो माणसे दगडमातीच्या भिंतींखाली गेली. नंतर तिथे खोल छिद्र घेतले, तेव्हा ३३८ मीटरवर काळा पाषाण संपला आणि ग्रॅनाइटच्या जातीचा फार जुना खडक लागला. तसा खडक कर्नाटकात उघडाच दिसतो. तिथले काही खडक तीनशे कोटी वर्षांहून जुने आहेत. म्हणजे आपला काळा पाषाण हे जुन्या भुईवरचे सारवण!

त्या भुईचा तळ मात्र छिद्राने गाठता येत नाही. वाट सापडली ती १९०९ साली, युरोपात झाग्रेबजवळ झालेल्या भूकंपातून. आंद्रिया मोहोरोविचिच यांनी ठिकठिकाणच्या नोंदी ताडून पाहिल्या. दूरच्या केंद्रांवर खोलातून वळसा घेऊन आलेली लाट सरळ वाटेच्या लाटेआधी पोचली होती. गाडीवाटेने निघालेला मागे राहावा आणि लांबून डांबरी सडकेने गेलेला आधी पोचावा, तसे. खाली वेगळा, घट्ट खडक आहे, हे त्यांनी ताडले. वरचे ते भूकवच. सीमा तो त्याचा तळ.

आता एकाच यंत्रावरही काम भागते. दूरची लाट खालून वर येताना त्या तळाशी तिच्यातून दुसरी, संथ लाट फुटते. ती जितकी मागे पडेल तितके कवच जाड. ३५ किलोमीटरला सुमारे चार सेकंद, ५० ला सहाच्या आसपास. कर्नाटकाच्या पूर्व भागात कवच ३५ किलोमीटरच्या आसपास भरते, पश्चिमेला ४५-५० पर्यंत. एवढ्याशा मुलखात एवढा फरक!

वाचकहो, या नोंदींवरून पुढच्या भूकंपाची तारीख मात्र निघत नाही. कोणी सांगू लागला, तर खुशाल दुर्लक्ष करा.

कवचाखालीही जुन्या खंडांना थंड, टणक बूड असते. त्यातून लाटा वेगाने धावतात. कॅनडात ते २०० किलोमीटर आणि त्याहून खोल गेलेले आढळते. आपल्या दक्षिण भारताखाली ते तेवढे उरले आहे की झिजले, यावर शास्त्रज्ञांचा वाद अजून चालू आहे.