न दबणारं तेल

गॅरेजमध्ये ब्रेकची हवा काढताना कधी पाहिलंय? उस्ताद गाडीखाली आडवा, पोरगा स्टिअरिंगपाशी. खालून आवाज येतो, "मार, मार, मार... धरून ठेव!" पोरगा पेडल तीन-चारदा दाबतो आणि पाय रोवून बसतो. "धरलंय उस्ताद." चाकामागचं निपल पाव आटा सैल होतं, नळीतून ब्रेक ऑइल सुर्रकन येतं आणि त्यात बारीक बुडबुडे. निपल कसलं जातं, पुन्हा "मार." शेवटचा बुडबुडा निघेपर्यंत उस्तादाला चैन नसतं. एका बुडबुड्यासाठी एवढी मेहनत का, हे कळलं की ब्रेक कळला.

घरी करून पाहा. सुया काढलेल्या दोन सिरिंज घ्या, एक लहान, एक मोठी, आणि मध्ये बारीक नळी जोडा. आत नुसती हवा असेल तर लहानीचा दट्ट्या दाबल्यावर मोठीचा कसाबसा हलतो. जोर हवेच्या दबण्यातच मुरतो. आता नळीसकट पाणी भरा. इकडे दाबलं की तिकडे लगेच हालचाल. मोठा दट्ट्या कुणाला अंगठ्यानं अडवून धरायला सांगा, तुम्ही लहान दाबा. तुमचाच अंगठा जिंकतो! बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोचतो, हे सतराव्या शतकात ब्लेझ पास्कलनं सांगितलं. त्याचा तो ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, 1663 साली छापला गेला.

गाडीत लहान सिरिंजच्या जागी मास्टर सिलिंडर असतो, मोठीच्या जागी चाकापाशी कॅलिपर. पायाचा जोर 20 किलो धरू. पेडलची तरफ तो चौपट करते, बूस्टर आणखी तिप्पट, झाले 240. मास्टर सिलिंडरचा दट्ट्या 20 मिलिमीटर व्यासाचा आणि कॅलिपरचा 50 चा असेल, तर क्षेत्रफळ सव्वासहा पट. म्हणजे चाकाच्या डिस्कला चिमटीत धरणाऱ्या पॅडवर दीड टन! चपलेतल्या पायानं.

हा जोर फुकट मिळत नाही. बूस्टरची मदत सोडली, तर जितक्या पटीनं जोर वाढतो तितक्या पटीनं सरकणं कमी होतं. पेडल कितीतरी खाली जातं तेव्हा पॅड जेमतेम केसभर हलतो. म्हणून पॅडनं डिस्कपासून केसभरच दूर राहायला हवं. हे अंतर राखतं कोण? ड्रम ब्रेकमध्ये लायनर मागे ओढायला स्प्रिंगा असतात; कॅलिपरच्या दट्ट्याला बहुधा स्प्रिंगच नसते. असतं फक्त दट्ट्याभोवतीचं एक चौकोनी काठाचं रबरी सील. दट्ट्या पुढे सरकताना ते त्याच्यासोबत थोडं मुरडतं, आणि पाय काढला की सरळ होताना दट्ट्याला तेवढंच मागे घेतं. पॅड झिजला तर दट्ट्या सीलमधून किंचित पुढे घसरतो आणि अंतर पुन्हा केसभरच. मला साऱ्या यंत्रणेत हे रबर सर्वांत हुशार वाटतं.

पूर्वी पायाचा जोर चाकांपर्यंत लोखंडी कांब्या आणि तारा नेत. एक तार थोडी सैल पडली की एक चाक आधी धरायचं आणि गाडी बाजूला ओढायची. द्रवात एका बाजूला जास्त दाब साठून राहूच शकत नाही. माल्कम लॉकहीडनं हे हेरलं, आणि 1921 च्या ड्युझेनबर्ग गाडीत चारही चाकांना असे ब्रेक आले.

आणि थांबलेल्या गाडीचा वेग जातो कुठे? उष्णतेत. हजार किलोची गाडी ताशी 100 किलोमीटरवरून थांबली की सव्वा लिटर पाण्याला उकळी फुटेल इतकी उष्णता निघते. डझनभर कटिंग चहाची. खंडाळ्याहून खोपोलीपर्यंत रस्ता साधारण अर्धा किलोमीटर उंची उतरतो. उतरण्याची ती सगळी ऊर्जा ब्रेकवरच घेतली, तर डझनभर वेळा तसं थांबल्यासारखं होतं.

इथे बुडबुडा परत येतो. ब्रेक ऑइल नावानंच तेल. ते ग्लायकॉल कुळातलं रसायन आहे आणि हवेतली ओल हळूहळू पितं, कोकणातल्या पावसाळ्यात तर पोटभर. डॉट 4 जातीचं नवं ऑइल निदान 230 अंशांपर्यंत उकळायचं नाही, असा दंडक आहे, त्यात 3.7 टक्के पाणी मुरल्यावर तोच दंडक 155 वर येतो. घाटात सतत ब्रेक दाबून ऑइल उकळलं की वाफ होते, आणि वाफ हवेसारखीच दबते. पेडल थेट तळाला! म्हणून उतारावर खालचा गिअर हवा, रोखण्याचं ओझं इंजिनानं घ्यायला हवं. गाडी कशीबशी कडेला थांबली, तर अर्ध्या-पाऊण तासानं वाफ निवते आणि पेडल पुन्हा कडक लागतं, जणू काही झालंच नाही. पाणी मात्र ऑइलमध्येच असतं, पुढच्या उताराची वाट पाहत.